बागेच्या जागेवर सांस्कृतिक भवन येतंय? हरकत घेण्याची पद्धत, पहिल्या कागदापासून सुनावणीपर्यंत

बागेच्या जागेवर नाट्यगृह, कलादालन किंवा सांस्कृतिक भवन होणार अशी बातमी आली की लोक पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी करतात: सह्यांची मोहीम, फाटकाशी मानवी साखळी आणि नगरसेवकाला निवेदन. तिन्ही जरूर करा. पण यातली एकही गोष्ट कायद्याच्या दृष्टीने 'हरकत' ठरेलच असं नाही.

आमच्या भागातल्या बागेच्या वेळी सह्यांचे कागद दोन जाड फायलींत बांधून दिले होते. सुनावणीच्या यादीत त्या सगळ्यांची मिळून एकच ओळ निघाली. सह्या करणाऱ्यांपैकी कुणालाही बोलावणं आलं नाही, कारण पत्ता फक्त पहिल्या पानावरच्या माणसाचा होता आणि तो त्या दिवशी गावाला गेलेला होता. इतक्या लोकांची कळकळ एका रिकाम्या खुर्चीवर संपली. हा लेख त्यासाठी आहे.

इथे सांगितलेली पद्धत महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपरिषदांच्या हद्दीसाठी आहे. मुळाशी तीन कायदे आहेत: महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ आणि माहितीचा अधिकार अधिनियम २००५.

## आधी एक वाक्य ठरवा

पहिल्या बैठकीत सगळ्यांनी मिळून एक वाक्य लिहा: आपला विरोध नेमका कशाला आहे? 'नाट्यगृह नको' आणि 'नाट्यगृह इथे नको' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं वाक्य घेऊन गेलात तर समोरून एकच उत्तर येतं, 'तुम्हाला शहरात कला नको आहे', आणि मग पुढचे सहा महिने तुम्ही कलेवरचं प्रेम सिद्ध करत बसता. शक्य असेल तर गटात नाटकवाले, गाणारे, चित्रकार सुरुवातीपासून घ्या. शहराला सभागृह हवंच आहे, पण बागेच्या बदल्यात नको, हे त्यांच्या तोंडून आलेलं जास्त पटतं.

## टप्पा १: जमीन नेमकी काय आहे ते पाहा

फाटकावर 'उद्यान' अशी पाटी आहे म्हणून कागदावरही ती जागा उद्यान असते असं नाही. तीन कागद काढा.

१. नगररचना विभागाकडून विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला. त्या जागेवर कोणतं आरक्षण आहे, म्हणजे ती कशासाठी राखली आहे, ते यावर कळतं.

२. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका, किंवा जागेचं नगर भूमापन झालेलं नसेल तर सात-बारा. मालक कोण आणि शेऱ्यात काय अटी आहेत ते वाचा.

३. जागा पालिकेकडे कशी आली त्याचा कागद. संपादनाने, विकास हक्काच्या बदल्यात, बक्षीसपत्राने, की मंजूर रेखांकनातली (लेआउटमधली) खुली जागा म्हणून?

तिसऱ्या कागदाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि सगळ्यात भक्कम मुद्दा बरेचदा तिथेच असतो. कुणी ती जमीन 'फक्त बागेसाठी' म्हणून दिलेली असेल, तर ती अटच तुमची हरकत आहे. रेखांकनातली खुली जागा असेल तर त्या रेखांकनातल्या भूखंडधारकांनी स्वतः पुढे यायला हवं. त्यांचा हक्क तुमच्या-माझ्यापेक्षा थेट आहे.

तपासणी: नोटिशीतला सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, भाग नकाशावरचा आणि मिळकत पत्रिकेवरचा, तिन्ही जुळतात का? जुळत नसतील तर घाईने कुणाला सांगू नका. हरकतीत पहिला मुद्दा म्हणून घाला.

## टप्पा २: प्रस्ताव कुठवर आला आहे आणि कोणत्या वाटेने?

बागेत बांधकाम आणण्याच्या साधारण तीन वाटा आहेत. वाट ओळखली नाही तर सगळी शक्ती चुकीच्या टेबलावर खर्च होते.

पहिली वाट म्हणजे नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खालचा फेरबदल. मंजूर विकास आराखड्यातलं 'उद्यान' हे आरक्षण बदलायचं किंवा त्याचा तुकडा काढायचा, तर नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे बहुतेक ठिकाणी महापालिकेला किंवा नगरपरिषदेला, राजपत्रात नोटीस देऊन हरकती मागवाव्या लागतात. मुदत नोटिशीपासून एक महिना. मग सुनावणी, आणि शेवटी प्रस्ताव राज्य शासनाकडे. मंजुरी शासन देतं, पालिका नाही.

दुसरी वाट म्हणजे नवीन विकास आराखडा. आराखड्याचा प्रारूप प्रसिद्ध होतो तेव्हा त्याच अधिनियमाच्या कलम २६ खाली हरकती मागवतात. शेकडो आरक्षणांच्या गर्दीत एका बागेचा बदललेला रंग सहज नजरेतून सुटतो. म्हणून प्रारूप आल्यावर जुना आणि नवा नकाशा शेजारी-शेजारी ठेवून पाहा. मुदत जाहिरातीतच दिलेली असते.

तिसरी वाट सगळ्यात अवघड: आरक्षण न बदलता 'बागेला पूरक वापर' म्हणून इमारत बसवायची. इथे हरकतींची जाहिरातच निघत नाही. थेट निविदा दिसते. अशा वेळी आयुक्तांना लेखी विचारा: हे बांधकाम विकास नियंत्रण नियमावलीच्या कोणत्या तरतुदीखाली, किती क्षेत्रफळाच्या मर्यादेत बसवलं आहे? मुंबईत २०३४ च्या आराखड्यासोबतची स्वतंत्र नियमावली आहे, राज्याच्या बहुतेक उरलेल्या शहरांत २०२० ची एकत्रिकृत नियमावली. माळ्याची खोली, स्वच्छतागृह, छोटा रंगमंच हे बागेला पूरक म्हणता येतं. वातानुकूलित प्रेक्षागृह, उपाहारगृह आणि दोन मजली पार्किंग हे बागेला पूरक कसं, हे सांगण्याची जबाबदारी पालिकेची आहे.

प्रस्ताव कुठवर आला आहे हे कळायला अंदाजपत्रक उघडा. तिथे तरतूद दिसली, वास्तुविशारद नेमल्याचा ठराव सापडला, की समजा गाडी निघाली आहे. पालिकेवर प्रशासक असेल तर सर्वसाधारण सभेचा ठरावही तोच करतो. त्यामुळे 'सभेत विषय येईल तेव्हा बघू' म्हणून थांबू नका.

इशारा: वर्तमानपत्रातली बातमी म्हणजे नोटीस नव्हे. नोटिशीला क्रमांक, तारीख आणि कलम असतं. ती कापून, तारखेसकट, जपून ठेवा.

## टप्पा ३: कागद मागवा, पण उत्तराची वाट पाहत बसू नका

माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. कलम ३७ ची मुदत एक महिन्याची. म्हणजे नोटीस पाहिल्यावर अर्ज केलात तर उत्तर येईपर्यंत हरकतीची मुदत संपलेली असते. लोक नेमके इथेच फसतात. 'माहिती आली की सविस्तर हरकत देऊ' असं म्हणत राहतात आणि तारीख निघून जाते.

यावर तीन उपाय आहेत. नुसती कुजबुज ऐकू आली तरी अर्ज टाकून ठेवा. प्रतींऐवजी फाइल पाहण्याची मागणी करा. कायद्याने तो हक्क दिला आहे आणि बऱ्याचदा ते लवकर होतं. आणि कागद मिळाले नाहीत तर हरकतीतच लिहा: 'अमुक तारखेला मागितलेली कागदपत्रं अद्याप मिळालेली नाहीत, ती मिळाल्यावर पूरक म्हणणं मांडण्याचा हक्क राखून ठेवत आहे.'

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. शुल्क १० रुपये, त्यासाठी कोर्ट फी स्टॅम्प चालतो. एकाच अर्जात सगळं कोंबलंत तर तो परत येईल. म्हणून वेगवेगळे अर्ज करा:

- प्रस्तावाची टिप्पणी, ठराव आणि प्रकल्प आराखडा
- वास्तुविशारदाने दिलेला जागेचा नकाशा, इमारत, रस्ते आणि पार्किंग दाखवणारा
- पर्यायी जागांचा विचार झाला असल्यास त्याच्या नोंदी
- पालिकेच्या सध्याच्या प्रत्येक नाट्यगृहाचं गेल्या तीन वर्षांचं बुकिंग, किती दिवस वापरात, किती दिवस बंद आणि बंद असण्याचं कारण

शेवटचा अर्ज विसरू नका. आहे ते सभागृह दुरुस्तीअभावी वर्षानुवर्षं बंद आणि नव्यासाठी बाग खोदायची, हे कागदावर दिसलं की वेगळं भाषण करावं लागत नाही.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पहिलं अपील ३० दिवसांच्या आत करा.

## टप्पा ४: बागेची नोंद स्वतः करा

'इथे खूप झाडं आहेत, खूप लोक येतात' हे वाक्य सुनावणीत वाऱ्यावर जातं. वही घ्या.

झाडांसाठी दोघांची जोडी करा, एकाकडे टेप, दुसऱ्याकडे वही. जमिनीपासून साधारण १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीपाशी, खोडाचा घेर मोजा. झाडाचं नाव, घेर, अंदाजे उंची, ढोली किंवा घरटं असेल तर ते, आणि मोबाइलवर स्थान दाखवणारा फोटो. फोटोत टेप दिसू द्या. झाडावर पालिकेच्या गणनेचा क्रमांक असेल तर तो टिपा, नसेल तर 'क्रमांक नाही' असंही लिहा. झाडावर खडूने किंवा रंगाने काही लिहू नका. पुढे तीच खूण तोडण्याची खूण म्हणून वापरली जाण्याचा धोका असतो.

माणसांसाठी तीन वेळा निवडा: पहाट, दुपार, संध्याकाळ. कामाचे दोन दिवस आणि एक रविवार. फाटकाशी अर्धा तास बसून मोजा: लहान मुलं किती, काठी किंवा चाकाची खुर्ची घेऊन येणारे किती, चालणारे किती. दुपारची मोजणी टाळू नका. दुपारच्या सावलीत डबा खाणारे रिक्षावाले, घरकामाच्या दोन घरांमध्ये टेकणाऱ्या बाया आणि अभ्यासाला बसलेली मुलं मोर्चात कधीच दिसत नाहीत, पण ती बाग सगळ्यात जास्त त्यांची असते. त्यांच्यातल्या दोघा-चौघांना हरकत लिहायला मदत करा.

तपासणी: प्रत्येक पानावर तारीख, वेळ आणि मोजणाऱ्याचं नाव आहे का? नसेल तर त्या पानाचा सुनावणीत उपयोग शून्य.

## टप्पा ५: 'फक्त पंधरा टक्के जागा' हा हिशोब पुन्हा करा

'बागेची फक्त पंधरा टक्के जागा जाईल' असं सांगताना प्रस्तावात इमारतीचा पायवा, म्हणजे इमारत प्रत्यक्ष उभी राहते तेवढीच जागा, दाखवतात. बाग मात्र पायव्याच्या बाहेरही जाते. एक उदाहरण घ्या. समजा बाग ८,००० चौरस मीटरची आहे आणि इमारत ३० गुणिले ४० मीटरची, म्हणजे १,२०० चौरस मीटर. झाले बरोबर पंधरा टक्के.

आता अग्निशमनाची गाडी फिरायला इमारतीभोवती ६ मीटरचा मोकळा पट्टा धरा. क्षेत्र झालं ४२ गुणिले ५२, म्हणजे २,१८४. साठ गाड्यांचं पार्किंग, वळायच्या जागेसकट गाडीमागे २५ चौरस मीटर धरले तर आणखी १,५००. बेरीज ३,६८४. पंधरा टक्क्यांचे ४६ टक्के झाले, आणि यात जनरेटरची खोली, पाण्याची टाकी, नेपथ्याचा ट्रक मागून आत यायचा रस्ता धरलेलाच नाही. तुमच्या बागेचे खरे आकडे घालून हाच हिशोब एका पानावर करा. तो हरकतीला जोडा.

'पार्किंग तळघरात, वर पुन्हा बाग' असं आश्वासन मिळालं तर दोनच प्रश्न विचारा: स्लॅबवर मातीची जाडी किती, आणि त्यात कोणती झाडं वाढतील? थोड्या मातीत हिरवळ आणि झुडपं होतात. वडा-पिंपळाला, कडुनिंबाला खालची जमीन लागते.

## टप्पा ६: हरकत लिहा

प्रत्येकाची वेगळी, स्वतःच्या सहीची, पूर्ण पत्त्याची. एकच छापील मजकूर शंभर जणांनी दिला तर तो एका मुद्द्यासारखा निकालात काढणं सोपं जातं. सांगाडा समान असू द्या, मुद्दे आपापले. चालायला येणारे आजोबा सावलीबद्दल लिहितील, समोरच्या शाळेतल्या बाई आवाजाबद्दल.

सुरुवात अशी करा:

'विषय: दिनांक … रोजीच्या नोटीस क्र. … अन्वये मौजे … येथील सि. स. नं. … वरील उद्यानाच्या आरक्षणात प्रस्तावित फेरबदलास हरकत. मी वरील पत्त्यावर राहणारा/राहणारी असून या उद्यानाचा नियमित वापर करतो/करते. प्रस्तावित फेरबदलास माझी हरकत असून तिची कारणं पुढीलप्रमाणे.'

कारणांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कायदा, मग आकडे, मग पर्याय, भावना सगळ्यात शेवटी आणि दोन ओळींत. कायद्याचे मुद्दे असे मांडता येतात. कलम ३७ खाली आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणारा फेरबदल करता येत नाही. या भागात दुसरी बाग नसेल तर ही बाग जाणं म्हणजे स्वरूप बदलणंच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा या खटल्यात उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय रद्द ठरवला आणि परिसरातल्या रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे हेही मान्य केलं. रुग्णालयासारख्या उपयोगी कामासाठीसुद्धा उद्यान देता आलं नाही, हा मुद्दा सांस्कृतिक भवनाला तसाच लागू करून मांडा. दुसरा दाखला १९९९ चा, एम. आय. बिल्डर्स विरुद्ध राधेश्याम साहू. लखनौच्या अमीनाबादमधल्या उद्यानाखालचा बाजार पाडून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश न्यायालयाने दिला होता. 'बाग वरती राहील, बांधकाम खाली' म्हणणाऱ्यांसाठी हा दाखला ठेवा.

पर्यायाशिवाय हरकत देऊ नका. आराखड्यात नाट्यगृह किंवा सांस्कृतिक केंद्रासाठी राखलेली पण अजून न बांधलेली जागा शोधा. बहुतेक शहरांत अशी एखादी असते. तिचा आरक्षण क्रमांक लिहा. जुनं सभागृह दुरुस्त करण्याचा पर्याय त्याच्या शेजारी ठेवा.

शेवटची ओळ कधीच विसरू नका: 'मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी.'

इशारा: अधिकाऱ्यावर किंवा लोकप्रतिनिधीवर पैशांचे आरोप हरकतीत लिहू नका. पुरावा असेल तर ती वेगळी तक्रार आहे. इथे लिहिलंत तर सगळी चर्चा त्या एका वाक्यावर जाईल.

## टप्पा ७: दाखल करा आणि पोच घ्या

नोटिशीत दिलेल्या पत्त्यावरच द्या, दुसऱ्या कुठल्या खात्यात नाही. दोन प्रती न्या. तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तिन्ही नसतील तर काउंटरवरून हलू नका. मग तीच हरकत स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही पाठवा, एक प्रत मंत्रालयात नगरविकास विभागाला, कारण अंतिम निर्णय तिथे होणार आहे.

मुदत कधीपासून मोजायची यावर वाद होतात. सगळ्यात आधीची तारीख धरा आणि तिच्याही चार दिवस आधी द्या. शेवटच्या दिवशी रांग असते, आणि आवक-जावकचा कारकून रजेवर असू शकतो.

गटातल्या एकाने सगळ्यांचे आवक क्रमांक एका तक्त्यात लिहून ठेवावेत. सुनावणीचं पत्र कुणाला आलं, कुणाला नाही, हे त्याच तक्त्यावरून कळतं. पत्र आलं नाही तर लगेच लेखी कळवा.

## टप्पा ८: सुनावणी

तुम्हाला दोन-तीन मिनिटं मिळतील असं धरून तयारी करा. मुद्दे आधी वाटून घ्या: एक जण फक्त जमिनीच्या कागदांवर, एक फक्त क्षेत्रफळाच्या हिशोबावर, एक पर्यायी जागेवर, एक झाडांवर. सगळे तेच बोलले की पाचव्या माणसाला 'हे झालं, पुढचं बोला' असं ऐकावं लागतं.

लेखी म्हणणं सोबत न्या, बोलून झाल्यावर द्या आणि त्याचीही पोच घ्या. हजेरीच्या कागदावर सही केल्याशिवाय बाहेर पडू नका. तुमच्या बोलण्याची नोंद काय झाली ते वाचायला मागा. चुकीची असेल तर त्याच दिवशी ईमेलने दुरुस्ती पाठवा. सुनावणी घेणारा अधिकारी तुमचा शत्रू नाही. त्याला शासनाकडे अहवाल पाठवायचा असतो, आणि नीट क्रमांक घातलेले मुद्दे त्या अहवालात जसेच्या तसे उतरण्याची शक्यता वाढते.

## टप्पा ९: झाडांची वाट वेगळी आहे

आरक्षणावरची हरकत दिली म्हणजे झाडांचं झालं असं समजू नका. झाडं तोडण्याचा अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे वेगळा जातो. त्याची नोटीस वर्तमानपत्रात येते आणि झाडावरही लावावी लागते. हरकतीला फार कमी दिवस असतात, बऱ्याचदा सातच. म्हणून रोज सकाळी बागेत जाणाऱ्या एकावर हे काम सोपवा: बुंध्यावर नवा कागद दिसला की फोटो, त्याच तासाला गटात.

टप्पा ४ मधली वही इथे सोन्याची ठरते. नोटिशीतली संख्या, जाती आणि तुमची नोंद ताडून पाहा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आहे, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट आहे. म्हणजे वय कमी दाखवण्यात कुणाचा तरी फायदा आहे. तुमच्या घेराच्या नोंदी आणि एखाद्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाचं पत्र जोडा.

परवानगी मिळाली तरी १५ दिवस कुऱ्हाड चालवता येत नाही. हे दिवस न्यायालयात जाण्यासाठी आहेत, पण निकाल विरुद्ध गेला तर त्यानंतर वेगळे दिवस मिळतीलच असं नाही. मुंबईत आरे इथे ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं पडली होती. म्हणून पुढच्या न्यायालयात जायची कागदपत्रं निकालाच्या आधीच तयार ठेवा.

## टप्पा १०: न्यायालयात जायचं तर

वकील शोधायला शासनाच्या मंजुरीची वाट पाहू नका. कामाचा आदेश निघून, खड्डा खणून झाल्यावर गेलात तर पहिला प्रश्न येतो, 'इतके दिवस कुठे होतात?' विलंबाच्या कारणावरून चांगली प्रकरणं मागे पडतात. तुमच्या आवक क्रमांकांचा तक्ता हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आणखी एक नेहमीची चूक म्हणजे थेट राष्ट्रीय हरित लवादाकडे धावणं. लवादाचं कार्यक्षेत्र त्याच्या अनुसूचीतल्या ठरावीक कायद्यांपुरतं आहे. राज्याचा नगररचना कायदा आणि झाडांचा कायदा त्यात नाहीत. आरक्षण बदलाविरुद्ध दाद मागायची ती उच्च न्यायालयात, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली.

## प्रस्ताव मागे घेतल्याचं कळलं तर

तोंडी घोषणेवर पेढे वाटू नका. ठराव रद्द झाल्याची किंवा शासनाने फेरबदल नाकारल्याची प्रत मिळवा. मग झोन दाखला नव्याने काढा आणि उद्यानाचं आरक्षण पूर्ण क्षेत्रावर कायम आहे का, ते सर्व्हे नंबरासकट वाचा. पुढच्या अंदाजपत्रकातही त्याच नावाची तरतूद शिल्लक आहे का पाहा. शिल्लक असेल तर ती रद्द करण्याचं पत्र त्याच आठवड्यात, पोच घेऊन, द्या.